पीएच.डी. करताय? मग वाचनाच्या नादी लागू नका

अभिनंदन. पेट ही प्रवेश परीक्षा उतरलात, मुलाखतीत "हाच विषय का?" या प्रश्नाला न हसता उत्तर दिलंत, आणि मराठीला (किंवा इतिहासाला, किंवा तत्त्वज्ञानाला, तुमच्या आत्याला तिन्ही सारखेच) प्रवेश मिळवलात. आता पुढची काही वर्षं "सध्या काय चाललंय?" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर आहे: "पीएच.डी. चालू आहे." एवढ्या तीन शब्दांवर पुण्यात लग्नं जमली आहेत, आणि तेवढ्याच शब्दांवर मोडलीही आहेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, आणि पुनर्नोंदणी केली तर वर आणखी २. मी सध्या त्या 'वर आणखी'मध्ये मुक्कामाला आहे, त्यामुळे सल्ला द्यायचा अधिकार मला आपोआप मिळाला आहे. ज्यांना जेआरएफ या शिष्यवृत्तीचे महिना ३७,००० रुपये मिळतात त्यांनी हा लेख इथंच सोडावा आणि कॅन्टीनला जाऊन बाकीच्यांच्या चहाचे पैसे द्यावेत. उरलेल्यांनी पुढं वाचावं.

आधी एक बारीकशी गोष्ट सांगून टाकतो, नंतर "आम्हाला कुणी सांगितलं नाही" नको. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट या पात्रता परीक्षेची किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. म्हणजे मिसळीबरोबर ताक असतं तशी. फक्त मुलाखतीला गेलात की बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्याच्या सगळ्या उमेदवारांनी ताक घेतलेलं असतं आणि जागा एक असते.

विषय निवडताना डोकं शांत ठेवा. मराठी संशोधनात एक शब्द असा आहे की त्याच्या तोडीचं साधन अजून कुठल्या संगणकानं काढलेलं नाही. तो शब्द म्हणजे 'निवडक'. "१९९० नंतरच्या निवडक मराठी कादंबऱ्यांतील ग्रामजीवन: एक चिकित्सक अभ्यास." यातल्या 'निवडक'चा अर्थ आपल्याकडे आहेत त्या. अप्पा बळवंत चौकात त्या शनिवारी मिळाल्या त्या. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले सर विचारतील, "अमुक कादंबरी का घेतली नाहीत?" तेव्हा नम्रपणे मान तुकवून म्हणायचं, "सर, निवडक आहे." ते गप्प बसतात. त्यांच्याही शीर्षकात तो शब्द होता.

आता साधनांकडे वळू. पहिले ६ महिने संदर्भव्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर बसवण्यात घालवा. झोटेरो घ्या, मेंडेली घ्या, दोन्ही घ्या. प्रत्येक पीडीएफला रंगीत टॅग लावा. माझ्याकडं पीडीएफच्या ३ थप्प्या आहेत: 'वाचायचे', 'नक्की वाचायचे' आणि 'आता तरी वाचायचे'. तिसऱ्या थप्पीत १४०० फायली आहेत आणि मला ती पाहूनच दडपून गेल्यासारखं, म्हणजे विद्वान झाल्यासारखं वाटतं. मराठी पुस्तकांच्या नोंदी करताना सॉफ्टवेअर जरा गोंधळतं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांचं आडनाव कोणतं आणि 'वि. का.' हे काय आहे, हे त्याला कळत नाही. त्यामुळे संदर्भसूचीत राजवाडे तीन वेगवेगळी माणसं म्हणून येतात. ते दुरुस्त करू नका. संदर्भांची संख्या वाढते.

राजवाड्यांवरून आठवलं. त्या काळातल्या लोकांची मला फार कीव येते. बिचाऱ्यांकडे साधनं नव्हती, म्हणून त्यांना काम करावं लागलं. राजवाडे जुनी दप्तरं शोधत गावोगाव हिंडले, आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढून बसले. १९१० साली सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. आज त्यांना एक वेबिनार ठेवता आला असता. भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली. १२५९ हस्तलिखितं जमवली, पाठाला पाठ लावून पाहिले, आणि काम संपलं १९६६ साली. ४७ वर्षं! पुनर्नोंदणी किती वेळा केली असेल, देव जाणे. मुख्य संपादक सुखटणकर १९४३ साली वारले, काम मधेच टाकून. आज एखाद्यानं असं केलं तर प्रगती अहवालात 'असमाधानकारक' येईल.

आणि डेक्कन कॉलेज. तिथं १९४८ पासून संस्कृतचा कोश चालू आहे. दीड हजारांच्या आसपास ग्रंथ वाचून शब्दागणिक चिठ्ठ्या केल्या, त्यांचा आकडा कोटीच्या घरात आहे, लोखंडी कपाटांत त्या ओळीनं लावलेल्या आहेत. पहिला खंड निघायला १९७६ साल उजाडलं, आणि त्यानंतर खंडांमागून खंड निघाले तरी मंडळी कित्येक दशकं 'अ' या अक्षरातच होती. असल्या संथपणाला आपल्या रुब्रिकमध्ये, म्हणजे मूल्यमापनाच्या तक्त्यात, गुण नाहीत. आपल्याला सहामाहीला दोन पेपर लागतात.

पेपर कुठं छापायचे, हा प्रश्न पूर्वी अवघड होता. मधल्या काळात आयोगानं मान्य केलेल्या नियतकालिकांची केअर यादी होती. ती सांभाळणारा कक्षही आपल्याच विद्यापीठात, त्यामुळे पुणेकरांना तिच्याविषयी विशेष आपुलकी. माझ्या एका मित्रानं त्या यादीतली मराठीची नियतकालिकं पाढ्यासारखी पाठ केली होती, कोणाचा अंक कधी निघतो, संपादक फोन उचलतात का, सगळं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं यादीच बंद केल्याचं जाहीर केलं. तो मित्र आता पाढे विसरायचा प्रयत्न करतोय. तुम्हाला आता मोकळं रान आहे. 'आंतरराष्ट्रीय बहुभाषिक बहुविद्याशाखीय' असं नाव असलेलं, मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल असलेलं एखादं नियतकालिक पकडा. संत वाङ्मयावरचा तुमचा पेपर गांडूळखत आणि जीएसटी या दोन लेखांच्या मधे छापून येईल. यालाच आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन म्हणतात.

आता मुख्य मुद्दा: टक्का.

पूर्वी प्रबंध चांगला की वाईट, असं विचारायचे. आता "किती टक्के आला?" असं विचारतात. हा टक्का सिमिलॅरिटीचा, म्हणजे दुसरीकडच्या लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराचा. आयोगाचे २०१८ चे नियम आहेत: १० टक्क्यांपर्यंत जुळलं तर काही नाही, १० ते ४० असेल तर ६ महिन्यांत सुधारून द्या, ४० ते ६० असेल तर वर्षभर घरी बसा, ६० च्या पुढं नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, रीतसर दिलेली अवतरणं यांची मोजदाद नाही. आणि याच नियमांत एक रत्न दडलेलं आहे. सर्वज्ञात गोष्टी किंवा योगायोगानं जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे धरायचे नाहीत. चौदा! ज्यानं कुणी हा आकडा ठरवला त्यानं मराठीकडं पाहून ठरवला नसणार. मराठीत १४ शब्दांत माणूस जन्मतो, शिकतो, पुण्यात येतो आणि भाड्याच्या खोलीत मरतो, तरी एक शब्द उरतो. तेव्हा सल्ला असा, की चौदा शब्द दुसऱ्याचे घ्या आणि पंधरावा स्वतःचा घाला. पंधराव्या शब्दासाठी 'तथापि' उत्तम. माझ्या प्रबंधात २१२ 'तथापि' आहेत आणि हे माझं मौलिक योगदान आहे.

एवढंही करायचा कंटाळा असेल तर फॉन्टचा उपाय आहे. हा खास मराठी उपाय आहे, इंग्रजीवाल्यांना तो नशिबी नाही. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये अक्षर पडद्यावर 'क' दिसत असलं तरी फायलीच्या पोटात रोमन लिपीतलंच काहीतरी चिन्ह असतं. फॉन्ट हा फक्त वरचा मुखवटा. युनिकोडमध्ये मात्र 'क'ला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, कुठंही गेला तरी तो 'क'च. तेव्हा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला प्रबंध तपासणीच्या यंत्रात घातला की यंत्राला दिसतात कंस, डॉलर, टक्के आणि प्रश्नचिन्हं. असलं साहित्य जगात आजवर कुणीच लिहिलेलं नसल्यामुळे जुळणी शून्य. मूळ लेखकाचं अख्खं प्रकरण, त्याच्या मुद्रणदोषांसकट, तुमच्या नावावर शून्य टक्क्यानं पवित्र होऊन बाहेर पडतं. आता युनिकोडची सक्ती वाढत चालली आहे, त्यामुळे ही विद्या लोप पावण्याच्या मार्गावर आहे. खरं तर तिची नोंद भारतीय ज्ञानपरंपरेत व्हायला हवी, दोन श्रेयांकांचा कोर्स निघेल.

उलट ज्यांनी सगळं स्वतः लिहिलं त्यांची दशा पाहा. माझ्या एका मैत्रिणीनं तिसरं प्रकरण ओळ न ओळ स्वतः लिहिलं. त्याचा काही भाग आधी पेपर म्हणून छापला होता. यंत्रानं तो पेपर शोधून काढला आणि सांगितलं की बाईंनी बाईंची चोरी केली आहे, ३१ टक्के. स्वतःचंच लिखाण होतं म्हणून सुटका व्हायला हवी होती, पण त्यासाठी कुठला फॉर्म कुणाच्या सहीनं द्यायचा, हे खिडकीवर बसलेल्या गृहस्थांना ठाऊक नव्हतं. शेवटी तिनं स्वतःचीच वाक्यं मोडून पुन्हा लिहिली, आधीपेक्षा वाईट. आता ८ टक्के आहे. सगळे खूष आहेत, प्रकरण सोडून.

गाईडशी, म्हणजे मार्गदर्शकांशी, संबंध सलोख्याचे ठेवा. प्रकरण मेलवर पाठवलं तर "व्हॉट्सअॅपवर टाका" म्हणतील, व्हॉट्सअॅपवर टाकलं तर "प्रिंट काढून आणा". प्रिंट टेबलावर ठेवली की तिच्यावर चहाचा कप ठेवतील. इथपर्यंत पोचलात म्हणजे प्रकरण पाहिलं गेलं असं समजायचं. कधीकधी उत्तरादाखल नुसते जोडलेले हात येतात. त्याचा अर्थ 'मंजूर', 'वाचलेलं नाही' किंवा 'सुप्रभात' यांपैकी काहीही असू शकतो. मी ६ वर्षांत या चिन्हाची अर्थनिश्चिती करू शकलेलो नाही, आणि माझा विषय अर्थनिश्चिती हाच आहे.

मधल्या काळात पोट भरायला तासिका तत्त्वावर शिकवा. याला आपल्यात सीएचबी म्हणतात. घड्याळी तासाप्रमाणे पैसे. तुमच्या तासाचं मोल सरकारनं ठरवलेलं असतं, आणि ते हातात कधी पडणार हे मात्र कुठल्याही घड्याळात दिसत नाही. मी दोन कॉलेजांत शिकवतो, एक शहराच्या या टोकाला, एक त्या. पहिल्याचं गेल्या सत्राचं मानधन दिवाळीत येणार होतं. कुठली दिवाळी, हे विचारायचं राहून गेलं. मधला सव्वा तास पीएमपीच्या बसमध्ये जातो. संत साहित्याचा इतिहास मी स्वारगेटला उभ्याउभ्याच तयार केला आहे.

शिकवणं फार मनावर घेऊ नका. शिकवल्याचा पुरावा मनावर घ्या. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या भेटीची तयारी चालू असलेल्या कॉलेजात व्याख्यानापेक्षा व्याख्यानाचा जिओटॅग केलेला फोटो महत्त्वाचा असतो. फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ येते. वर्गात कोण काय बोललं, ते येत नाही, आणि कुणी मागतही नाही. एकदा भित्तिपत्रकाच्या उद्घाटनाचा फोटो काढताना मोबाइलचं लोकेशन बंद राहिलं. ते उद्घाटन झालंच नाही असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी तीच फीत चिकटवून आम्ही ती पुन्हा कापली. पाहुणे तेच होते. भाषणही तेच, पण दुसऱ्या दिवशी जास्त रंगलं.

वर्गात मुलं नसतात, याचं वाईट वाटून घेऊ नका. बी.ए. मराठीची निम्मी मुलं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली असतात. तिथं खुर्चीचे पैसे भरलेले असतात, इथं नुसती फी. त्यातून जी चारदोन येतात त्यांना पीपीटी दाखवा. पीपीटीवर तुकोबांचं चित्र टाका, खाली ३ बुलेट. "सर, पीपीटी ग्रुपवर टाका" असं मुलं म्हणाली की तास संपला. लॉकडाउनमध्ये हे सगळं आणखी सुटसुटीत होतं. २०२० च्या उन्हाळ्यात मी घरबसल्या ६३ राष्ट्रीय वेबिनारना उपस्थित होतो. त्यातल्या ३ एकाच वेळी चालू होत्या. गुगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र. एका प्रमाणपत्रावर माझ्या नावाच्या जागी माझा मेल आयडी छापून आला आहे. ते फ्रेम करून घेतलं आहे, कारण ६३ पैकी तेवढंच कुणीतरी पाहून हसतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि आपल्या क्षेत्रातली मोठी विषमता संपली. पूर्वी मुलं बाजारातल्या छापील गाईडवरून उतरवायची आणि प्राध्यापक जुन्या नोट्सवरून शिकवायचे. आता दोघंही एकाच ठिकाणाहून घेतात. असाइनमेंटच्या शेवटी "तुम्हाला याचा सारांश हवा असल्यास जरूर सांगा" असं वाक्य राहिलेलं दिसलं तर विनयशीलतेचा एक गुण वाढवून द्यावा.

माझी फक्त एकदाच चूक झाली. ती तुम्ही करू नये म्हणून लिहितो.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं तुकाराम आणि पाऊस असा काहीतरी विषय घेऊन असाइनमेंट दिली. भाषा गुळगुळीत, मुद्दे साडेचार, सगळं नेहमीचं. पण मधे एका अभंगाच्या शेवटच्या २ ओळी होत्या, 'तुका म्हणे'सकट, आणि त्या वाईट नव्हत्या. हीच पंचाईत. वाईट असत्या तर मी मुकाट्यानं सही केली असती. एका चरणात एक अक्षर जास्त होतं, पण तेवढं तर खुद्द गाथेतही सापडतं. ओळी मला आठवेनात. आणि माझ्या प्रबंधाच्या शीर्षकात तुकाराम आहे.

म्हणून शोधायला बसलो. युनिकोडमधली गाथा नेटवर आहे, तिच्यात टाकून पाहिलं. काही नाही. मग लक्षात आलं की गाथेत 'कांहीं' आहे, मुलानं 'काही' लिहिलंय. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, आपल्याला ती सवय झाली, पण यंत्राच्या लेखी ते दोन परके शब्द. अनुस्वार घालून पाहिले, ऱ्हस्वाचे दीर्घ करून पाहिले. मग 'तिसऱ्या थप्पी'तली जुनी छापील प्रत उघडली. ती स्कॅन केलेली, म्हणजे नुसती चित्रं. कंट्रोल-एफ तिथं डोकं आपटून परत येतं. मागं अनुक्रमणिका आहे, पण ती अभंगांच्या पहिल्या शब्दांची, आणि माझ्याकडं होत्या शेवटच्या ओळी. तेव्हा इलाज एकच उरला. साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत. पहिल्यापासून सुरू केलं.

दोनशेच्या पुढं कुठंतरी आपण काय शोधतोय ते मी विसरलो. पहाटे ३ वाजता खोलीतला सोबती उठून म्हणाला, "सबमिशन आहे का उद्या?" नाही म्हटल्यावर तो घाबरला. दुसऱ्या रात्रीही तेच. त्या आठवड्यात माझे २ वेबिनार बुडाले, एका फॉर्मची मुदत गेली, आणि माझ्या दुसऱ्या प्रकरणातलं मध्यवर्ती विधान साफ चुकीचं आहे असं माझ्या लक्षात आलं. ते मी जिथून घेतलं होतं त्या गृहस्थांनीही गाथा उघडलेली नसावी. चौदा शब्दांतच घेतलं होतं, त्यामुळे यंत्राला कधी कळलं नाही. आता ते प्रकरण पुन्हा लिहावं लागणार. नुकसान बघा किती.

त्या मुलाला बोलावून विचारलं, "हा अभंग कुठून घेतलास?" तो जरा दुखावला. म्हणाला, "सर, सिमिलॅरिटी चेक केलीय. शून्य आहे. म्हणजे माझाच ना?"

मी त्याला २० पैकी १४ दिले. सहामाही प्रगती अहवालात या दोन रात्रींसाठी रकाना नव्हता, म्हणून 'डिजिटल साधनांचा वापर' या सदराखाली लिहून टाकलं. अभंग अजून सापडलेला नाही, पण तो गाथेत नाहीच असं म्हणायला अजून साडेतीन हजार उरले आहेत. गाईडना मात्र यातलं काही सांगू नका. त्यांना मी पाचव्या प्रकरणावर आहे असं कळवलंय, आणि त्यांचे जोडलेले हात आलेले आहेत.